सीएनसी टर्निंगच्या नोकरीची तयारी: आयटीआयच्या वर्गापासून कंपनीच्या गेटपर्यंत

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित, कुठल्याही एमआयडीसीत सकाळी चक्कर मारा, दर चार गेटमागे एका गेटवर बोर्ड दिसतो, सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन) ऑपरेटर पाहिजे. आणि त्याच गेटबाहेर आयटीआय झालेली पोरं बायोडाटा घेऊन उभी असतात आणि अर्ध्यांना परत पाठवतात. हे कसं काय? कारण कंपनीला सर्टिफिकेटवाला नकोय, मोजता येणारा पाहिजे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, शेजारच्या शेडमध्ये त्याचं मशीनिंग होतं, आणि तिथं जॉब (मशीनवर कापायचा नग) मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) बसला नाही तर पुण्याचा किंवा परदेशातला कस्टमर अख्खा लॉट परत पाठवतो. म्हणून या लेखात मी सारखं एकच सांगणार आहे की आधी मोजायला शिका, मग ड्रॉइंग, मग प्रोग्राम. क्लासवाले उलटं शिकवतात, प्रोग्रामपासून सुरू करतात, आणि पोरगं सायकल स्टार्टचं बटण दाबणारा होऊन बसतं. बटण दाबणाऱ्याला कधीही बदलता येतं, सेटिंग करणाऱ्याला, म्हणजे टूल बसवून मापं जुळवणाऱ्या सेटरला मात्र मालक सोडत नाही.

मी कोल्हापूरच्या अंगाने लिहितोय, पण भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, बुटीबोरी कुठेही गेलात तरी तयारी हीच लागते.

ट्रेड कुठला घ्यायचा

दहावीनंतर आयटीआयला टर्नर, मशिनिस्ट, फिटर हे तिन्ही ट्रेड दोन वर्षांचे. सीएनसी लेथवर जायचं असेल तर टर्नर सरळ पडतो, व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) जायचं असेल तर मशिनिस्ट. फिटरवालेही सीएनसीवर येतात, भरपूर येतात, फक्त त्यांना टूल आणि कटिंगची सवय जरा उशिरा लागते. प्रवेश सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून मेरिटने होतो, सरकारी आयटीआयची फी अगदी कमी असते, त्यामुळे प्रायव्हेटला मोठी रक्कम भरण्याआधी सरकारीच्या सगळ्या राउंड होऊ द्या, घाई करू नका.

आयटीआयमध्ये साध्या लेथवर काम करायला लावतात तेव्हा पोरं वैतागतात, आता कोण साधा लेथ वापरतंय म्हणून. असं अजिबात करू नका. साध्या लेथवर हाताने फीड दिलं, म्हणजे टूल पुढे सरकवलं की टूल घासतंय का कापतंय ते हाताला आणि कानाला कळतं, जॉब थरथरायला लागला की आवाज बदलतो, टूलची धार गेली की चिप्सचा रंग आणि आकार बदलतो. सीएनसीचा दरवाजा बंद असतो, तिथं तुमच्याकडे कानच उरतो, आणि तो कान साध्या लेथवरच तयार होतो.

प्रायव्हेट सीएनसी क्लास लावायचा असेल तर पैसे भरायच्या आधी एक गोष्ट बघा, तिथं चालू मशीन आहे का आणि त्यावर तुम्हाला स्वतःच्या हाताने टूल ऑफसेट (टूलचं टोक कुठं आहे ते मशीनला सांगणारा आकडा) घ्यायला मिळणार का. नुसत्या कॉम्प्युटरवर सिम्युलेटर दाखवत असतील तर ते घरीही होतं. आणि ज्याला वेळ काढून नीट खोलवर शिकायचंय त्याने छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमची माहिती नक्की काढा, केंद्र सरकारच्या एमएसएमई खात्याची संस्था आहे, टूल आणि डायच्या कामात तिथल्या पोरांना मान आहे.

मोजमाप, इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि बोअर गेज (बोअर म्हणजे भोक, त्याचं आतलं माप घेणारं), ही तीन हातात बसली पाहिजेत. डिजिटलवर शिकू नका, आधी साधं.

व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, सहसा ०.०२ एमएम असतो. मेन स्केलवर २४ ची रेघ ओलांडली आणि व्हर्नियरची शून्यानंतरची १३ वी रेघ वरच्या कुठल्यातरी रेघेला तंतोतंत जुळली तर १३ गुणिले ०.०२ म्हणजे ०.२६, माप झालं २४.२६. मायक्रोमीटरला ०.०१ एमएम. स्लीव्हवर (न फिरणारी नळी) २४ दिसतंय, खालची अर्ध्याची रेघ उघडी पडलीय आणि थिंबलवर (फिरणारी नळी) ३७ जुळतंय तर २४ अधिक ०.५ अधिक ०.३७ म्हणजे २४.८७. ही अर्ध्याची रेघ विसरणं हा इंटरव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त पोरांना पाडणारा प्रकार आहे, एकदम ०.५ एमएमचा फरक पडतो.

मोजायच्या आधी झीरो बघायचा. मायक्रोमीटर बंद केल्यावर शून्याऐवजी ०.०२ दाखवत असेल तर प्रत्येक मापातून ०.०२ वजा करायचे. आणि आवळायचं ते रॅचेटनेच (शेवटची टिकटिक करणारी मूठ), थिंबल धरून आवळला तर माप खोटं येतं.

घरी सराव कसा करायचा? गॅरेजवाल्याकडून जुनं टाकाऊ बेअरिंग मागून आणा. ६२०५ नंबरचं बेअरिंग म्हणजे आतला बोअर २५, बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५ एमएम. ६२०४ म्हणजे २०, ४७, १४. नंबर बाजूवर कोरलेला असतो, त्यामुळे उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं, तुमचं माप बरोबर येतंय का ते लगेच कळतं. रोज वीस वेळा मोजा, बाहेरून, आतून, खोली. मित्राला तेच मोजायला लावा आणि दोघांचं जुळतंय का बघा. महिन्याभरात हात बसतो.

बोअर गेज जरा अवघड. आधी मायक्रोमीटरला किंवा सेटिंग रिंगला लावून डायल शून्य करायची, मग बोअरमध्ये घालून पुढेमागे झुलवायचं. झुलवताना काटा एका ठिकाणी वळतो, जिथं माप सगळ्यात लहान असतं तेच खरं माप. एकाच ठिकाणी मोजून सोडायचं नाही, तोंडाशी, मध्ये आणि तळाशी, आणि प्रत्येक ठिकाणी ९० अंशात फिरवून परत, म्हणजे टेपर आणि ओव्हल दोन्ही कळतात.

आणि गरम जॉब मोजू नका. मोजमापाचं ठरलेलं तापमान २० अंश सेल्सिअस आहे. १०० एमएमचा स्टीलचा जॉब १० अंशाने जास्त गरम असेल तर साधारण ०.०१२ एमएमने फुगलेला असतो, ॲल्युमिनियम तर त्याच्या दुप्पट. मशीनमधून काढल्या काढल्या मोजून ऑफसेट मारला की जॉब थंड झाल्यावर अंडरसाइज. उन्हाळ्यात आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे नेहमी होतं.

प्लग गेजचं (भोक तपासायचा दोन टोकांचा दांडा) एवढंच, गो बाजू स्वतःच्या वजनाने गेली पाहिजे, नो-गो बाजू जायला नको. ढकलून बसवायचा नाही.

ड्रॉइंग

आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं, पण परदेशी कस्टमरचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येऊ शकतं, तेव्हा कोपऱ्यातला शंकूचा सिम्बॉल बघायची सवय आधी लावा. मग टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक. २५ ला मोठ्या लिपीतला एच ७ लिहिला असेल तर तो बोअर, २५.००० ते २५.०२१. छोट्या लिपीतला एच ७ असेल तर तो शाफ्ट, २५.००० ते २४.९७९. सगळे फिट पाठ करत बसू नका, चार्ट बघता आला म्हणजे झालं, पण हे एक उदाहरण डोक्यात पक्कं ठेवा, बाकी सगळं यावरून समजतं.

त्यापुढे रनआउट (फिरताना डुलणं), कॉन्सेंट्रिसिटी (केंद्र एकच असणं), परपेंडिक्युलॅरिटी (काटकोन) ही चिन्हं आणि त्यांचा डेटम, म्हणजे ज्या बाजूपासून माप धरतात ती, कुठला ते ओळखा. डेटम समजला की जॉब कुठल्या बाजूने आधी धरायचा ते आपोआप कळतं, कारण ज्या दोन बाजू एकमेकींशी जुळायला पाहिजेत त्या शक्यतो एकाच सेटिंगमध्ये घ्यायच्या असतात. जॉब सोडून परत धरला की काही मायक्रॉन गेलेच.

थ्रेडचा टॅप ड्रिल काढायचा हिशोब सोपा आहे, व्यासातून पिच वजा. एम १० ला पिच १.५ तर ड्रिल ८.५. एम ८ ला १.२५ तर ६.७५, म्हणजे ६.८ चा ड्रिल. हे तोंडपाठ पाहिजे, हमखास विचारतात.

प्रोग्राम आणि मशीन

आता इथं या. आपल्या भागात फॅनुक कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) सगळ्यात जास्त, काही ठिकाणी सिमेन्स. फॅनुक शिकलात की बाकी जमतं.

सीएनसी लेथला एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबी. जी ०० म्हणजे रॅपिड, कापायचं नाही, नुसतं जायचं. जी ०१ सरळ कापायचं, जी ०२ आणि जी ०३ गोलाई. जी ७१ ने रफिंग, जी ७० ने फिनिशिंग, जी ७६ ने थ्रेडिंग. एम ०३ स्पिंडल सुरू, एम ०५ बंद, एम ०८ कूलंट सुरू, एम ०९ बंद, एम ३० प्रोग्राम संपला. टी ०१०१ लिहिलं की पहिले दोन आकडे टूलचा नंबर आणि पुढचे दोन ऑफसेटचा नंबर. एवढ्यावर साधा स्टेप टर्निंगचा प्रोग्राम कागदावर लिहिता येतो, आणि कागदावरच लिहा, दहा वेगवेगळे जॉब काढून लिहा.

जी ९६ आणि जी ५० ची जोडी मात्र नीट समजून घ्या, जीवाचा प्रश्न आहे. जी ९६ मध्ये कटिंग स्पीड कायम ठेवायला मशीन आपोआप आरपीएम वाढवतं, व्यास जसा कमी होतो तसा वेग चढतो. फेसिंग करत टूल मध्यापर्यंत गेलं की आरपीएम मशीनच्या कमाल मर्यादेकडे पळतो, आणि मोठं कास्टिंग चकमध्ये (जॉब धरणारे जबडे) असेल तर ते निसटू शकतं. जी ५० ने वरची मर्यादा घालतात. दुसऱ्याचा प्रोग्राम चालवायला घेतलात तरी पहिल्यांदा जी ५० ची लाइन आहे का ती शोधा.

आरपीएम काढायचं सूत्र, कटिंग स्पीड गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले व्यास. ५० एमएमचा व्यास आणि १८० चा स्पीड असेल तर १,८०,००० भागिले १५७, म्हणजे साधारण ११४६ आरपीएम.

इन्सर्टचा (टूलला बसवायचा कापणारा तुकडा) नंबर वाचता आला तर समोरचा सेटर तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. सीएनएमजी १२०४०८ घ्या. सी म्हणजे ८० अंशाचा आकार, १२ म्हणजे कडेची लांबी, ०४ म्हणजे जाडी, खरी ४.७६ एमएम, आणि ०८ म्हणजे नोज रेडियस ०.८. दोन्ही बाजू धरून चार कडा वापरता येतात, एक कडा खराब झाली की इन्सर्ट फेकायचा नसतो, फिरवायचा असतो. फिनिश खराब येतोय म्हटल्यावर नवीन पोरगं आधी स्पीड वाढवतं, पण आधी फीड बघा, फीड दुप्पट केलं की जॉबवरच्या टूलच्या खुणांची खोली चौपट होते.

आता ऑफसेट. बाहेरचा व्यास २५.०० पाहिजे आणि आला २५.०३, तर त्या टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये (मापातला बारीक फरक भरून काढायचा आकडा) एक्सला उणे ०.०३ टाकायचं. बोअर २५.०० पाहिजे आणि आला २४.९७, तर अधिक ०.०३. बाहेरचं मोठं आलं तर उणे, आतलं लहान आलं तर अधिक. हे गडबडीत उलटं टाकलं की पुढचा जॉब स्क्रॅप. टाकण्याआधी बोट ठेवून बघायचं की कर्सर बरोबर टूलच्या ओळीवर आहे का आणि आकड्यात पॉइंट आहे का.

नवीन सेटिंगनंतर पहिला जॉब नेहमी सिंगल ब्लॉकमध्ये (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ), रॅपिड २५ टक्क्यांवर, एक हात फीड होल्डच्या म्हणजे टूल थांबवायच्या बटणावर, आणि डोळे स्क्रीनवरच्या डिस्टन्स टू गोवर (अजून किती जायचंय तो आकडा). टूल जॉबपासून बोटभर लांब दिसतंय आणि स्क्रीनवर अजून ६० एमएम जायचं दाखवतंय, तर थांबवा, ऑफसेट चुकलाय.

कास्टिंगचं एक वेगळं आहे ते पुण्याकडच्या पोरांना लवकर कळत नाही. ग्रे कास्ट आयर्नची चिप लांब निघत नाही, भुसा पडतो, काळी धूळ उडते. कधी आत वाळू असते, कधी वरची कडक कातडी, त्यावर इन्सर्टची धार एका जॉबमध्ये जाते. म्हणून पहिला कट कातडीच्या खालून गेला पाहिजे, वरून नुसतं घासत न्यायचा नाही. आणि बोअर घेतल्यावर ब्लोहोल (कास्टिंगमधली हवेची पोकळी) उघडं पडलं तर ते कास्टिंग रिजेक्शन आहे, ते मशीनिंग रिजेक्शनमध्ये टाकू नका, वेगळ्या ट्रेमध्ये मार्क करून ठेवा, कारण ते फाउंड्रीच्या नावावर जातं, तुमच्या नाही.

सॉफ्ट जॉ (चकचा मऊ जबडा) बोअर करायला मिळाला तर कधी नाही म्हणू नका. मध्ये रिंग धरून, जॉब ज्या प्रेशरला धरणार त्याच प्रेशरला, जॉबच्या व्यासाइतकाच बोअर घ्यायचा असतो. पातळ भिंतीचा जॉब जास्त प्रेशरला धरला तर मशीनवर गोल दिसतो आणि सोडल्यावर गोल राहत नाही. ऑपरेटर आणि सेटर यांच्यातला खरा फरक मला इथंच दिसतो.

अप्रेंटिसशिप

आयटीआय झाल्यावर अप्रेंटिस कायदा १९६१ खाली अप्रेंटिसशिप करा, सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी होते, शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, सरकारी आणि रेल्वेच्या भरतीत त्याचा उपयोग होतो. स्टायपेंड पगारापेक्षा कमी असतो आणि घरचे म्हणतात त्यापेक्षा थेट कामाला लाग. घरची अडचण असेल तर प्रश्नच नाही, पण वर्ष काढता येत असेल तर काढा. मोठ्या कंपनीत शिस्त, सेफ्टी आणि कागदपत्रं शिकायला मिळतात, पण वर्षभर एकाच मशीनवर एकच जॉब लावायची शक्यता असते. उद्यमनगरसारख्या ठिकाणच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोज नवीन जॉब, रोज सेटिंग. मला विचाराल तर शिकायला छोटं वर्कशॉप जास्त चांगलं, फक्त तिथं सेफ्टी आणि पगार वेळेवर आहे का हे तिथल्याच दोन पोरांना चहाला बोलावून विचारून घ्या.

अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू होत नाही, त्यामुळे लेटरवर अप्रेंटिस लिहिलंय, ट्रेनी लिहिलंय की कॉन्ट्रॅक्टरचं नाव आहे, सही करण्याआधी नीट वाचा.

कागदपत्रं आणि गेटवरचा इंटरव्ह्यू

दहावी आणि आयटीआयची मार्कशीट, ट्रेड सर्टिफिकेट, आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो, झेरॉक्सचे दोन सेट. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि मार्कशीटवर एकच पाहिजे, जन्मतारीखसुद्धा. आज दुर्लक्ष केलंत तर उद्या पीएफ काढताना महिनोन्महिने चकरा होतात.

बायोडाटा एक पानाचा. छंद वाचन आणि क्रिकेट, हे कोणी बघत नाही. त्याऐवजी लिहा कुठल्या कंट्रोलवर काम केलं, कुठलं मटेरियल, किती टॉलरन्सचा जॉब, कुठली मापनसाधनं वापरता येतात. फ्रेशर असाल तर आयटीआयमध्ये केलेल्या दोन जॉबची मापं लिहा.

इंटरव्ह्यू बहुतेक वेळा टेबलावर होतो आणि लगेच मशीनपाशी. एक जॉब आणि मायक्रोमीटर हातात देतात. घाई करू नका, आधी जॉब पुसा, मायक्रोमीटर पुसा, झीरो बघा, मग मोजा. हे बघूनच अर्धा निर्णय होतो. प्रश्न साधारण असे, बोअर मोठा आला तर काय करणार (थांबणार, बाजूला काढणार आणि सांगणार, कारण मोठा झालेला बोअर परत लहान होत नाही), टूल तुटलं तर काय, चिप गुंडाळली गेली तर काय. जे येत नाही ते येत नाही म्हणा, शिकेन म्हणा. खोटा अनुभव मशीनपुढे पाच मिनिटांत उघडा पडतो.

नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका. कितीही ओळखीचा असू दे.

पगार बोलताना

आकडा ऐकून हो म्हणू नका. हा आकडा आठ तासांचा की बारा तासांचा, हातात किती, किती सुट्ट्या, हे विचारा. विचारायला लाजायचं काही कारण नाही. पीएफला तुमच्या बेसिक आणि डीएवर १२ टक्के कापतात आणि तेवढाच वाटा कंपनी भरते. ईएसआय महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला, तुमचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के. ठरलेल्या तासांवरच्या ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) मिळाला की दोन महिन्यांनी स्वतः पासबुक उघडून बघा, कापलेले पैसे खरंच भरले गेलेत का.

मुलींनी कामाला लागताना शिफ्टची वेळ, जायची-यायची गाडी, टॉयलेट आणि चेंजिंग रूम हे सरळ विचारावं. इन्स्पेक्शन आणि सीएनसीवर मुली चांगलं काम करतायत, आणि ज्या कंपनीला या प्रश्नांची उत्तरं द्यायला जड जातं तिथं न गेलेलं बरं.

पहिले काही महिने

फिरत्या चकजवळ हातमोजे घालायचे नाहीत, कितीही चिप टोचत असली तरी. हातमोजा अडकला की हात आत जातो. अंगठी, कडं, गळ्यातली चेन, लांब बाही, हातातला धागा, सगळं काढून ठेवा. चिप हुकने ओढायची, तीही स्पिंडल थांबल्यावर. एअर गनने स्वतःचे कपडे साफ करायचे नाहीत, डोळ्यात कण जातो. आणि दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारी सोय) बायपास केलेलं मशीन दिलं तर सुपरवायझरला सांगा, सायकल टाइम दोन सेकंदांनी वाचतो म्हणून कोणी तुमची बोटं भरून देणार नाही.

रोज शिफ्ट सुरू झाली की पहिला जॉब इन्स्पेक्शनला दाखवल्याशिवाय दुसरा चढवू नका. खिशात छोटी वही ठेवा, कुठला जॉब, कुठला इन्सर्ट, किती जॉबनंतर ऑफसेट द्यावा लागला, किती जॉबनंतर कडा फिरवली. महिन्याभरात त्या मशीनचा स्वभाव तुमच्या वहीत येतो आणि सेटर आला नाही त्या दिवशी तुम्हालाच बोलावतात. रिजेक्शन झालं तर लपवू नका, स्क्रॅपच्या ढिगात खाली सरकवलेला जॉब मोजणीत सापडतोच.

सेटिंग बदलायची असेल तेव्हा शिफ्ट संपली तरी अर्धा तास थांबा, सेटरला ॲलन की आणून द्या, डायल धरा, बघा तो टूल कुठून टच करतो. कोणी वर्ग भरवून शिकवत नाही, असंच शिकायचं असतं.

आणि कधी कंपनी सोडायची झाली तर नोटीस पिरियड पूर्ण करून, अनुभवाचं लेटर आणि शेवटची पगाराची स्लिप हातात घेऊनच बाहेर पडा. पीएफ काढून खाऊ नका, नवीन ठिकाणी तोच यूएएन द्या आणि रक्कम ट्रान्सफर करून घ्या.